भाजून की भरून

पनवेलच्या जुन्या बाजारात अजून एक माणूस कॅसेट दुरुस्त करतो, आणि तो मी. यात अभिमानाचं काही नाही. दुकानावर 'कुमार रेडिओज' अशी पाटी आहे, पण गेल्या दहा वर्षांत एकही रेडिओ विकलेला नाही. मिक्सरच्या मोटारी आणि टीव्हीचे रिमोट यांवर चाललंय. तरी कपाटात एक जपानी टेपरेकॉर्डर मी जिवंत ठेवलाय. बायको म्हणते, भंगारात द्या. मी म्हणतो, तुझी लग्नातली पैठणी देतो का मी बोहारणीला? विषय तिथे संपतो.

दोन हजार चोवीसच्या जुलैत त्या टेपरेकॉर्डरचं काम पडलं, ते सायराभाभींमुळे. म्हणून ही त्यांची हकीकत.

सायरा मुश्ताक मुकादम. माहेर उरणचं, सासर पनवेलच्या मोहल्ल्यात, माझ्या दुकानापासून चार मिनिटांवर. अर्ध्या पनवेलच्या साड्यांना त्या फॉल लावतात, पिको करतात. हाताखालून गेलेली साडी त्या विसरत नाहीत. लग्नात भेटल्या की आधी पदराकडे बघतात आणि मग माणसाच्या तोंडाकडे. "ही तुमची जांभळी, दोन हजार अकराची. फॉल अजून टिकलाय ना?" बोलणं एवढंच. कमी आणि मोजून. मी अखंड बडबडणारा माणूस, मला त्यांच्यासमोर नेहमी आपण जास्त बोलतोय असं वाटत राहतं, आणि ते खरंच असतं.

त्यांचा नवरा मुश्ताक माझा दोस्त. अठरा वर्षं त्याने आखातात क्रेन चालवली. कुठल्या देशात, ते कधी सांगत नसे. "तिकडे" म्हणायचा. पनवेलात, माझ्या दुकानात, समोर फक्त मी, तरी "तिकडे". तिथल्या राजाबद्दल काही बोलायची वेळ आली तर चहाचा कप उचलायचा आणि कपाच्या तळाशी बघत बोलायचा. मी थट्टा करायचो, की राजेसाहेब काय माझ्या काउंटरखाली येऊन बसलेत? तो हसायचा, पण नाव घ्यायचा नाही. दोन हजार एकोणिसात हार्ट अटॅकने गेला. मागे भाभी आणि एकुलती एक मुलगी, तूबा.

तूबा ढाक्याला डॉक्टरी शिकायला गेली. इकडचं खासगी कॉलेज झेपणारं नव्हतं. आपल्या भागातली बरीच मुलं जातात तशी तीही गेली. पाच वर्षं झाली, परीक्षा पास झाली. आता हॉस्पिटलात एक वर्ष उमेदवारी केली की झाली डॉक्टर. आणि नेमकं त्याच वर्षी तिथली मुलं रस्त्यावर उतरली.

तुम्ही बातम्या वाचल्याच असतील. सरकारी नोकऱ्यांतल्या राखीव जागांवरून सुरुवात झाली, पण लवकरच ते जागांचं राहिलं नाही. पंधरा वर्षं तेच सरकार, विरोधात बोलेल तो आत, निवडणूक नुसती नावाला. मुलं म्हणाली, आता पुरे. सरकारने गोळ्या चालवल्या, छर्रे मारले, संचारबंदी लावली, आणि त्याआधी गुरुवारी देशाचं इंटरनेट बंद करून टाकलं. त्या गुरुवारपासून भाभींनी तूबाला पाठवलेल्या प्रत्येक मेसेजपुढे एकच टिक राहू लागली. दिवसातून पन्नास वेळा त्या ती एक टिक बघायच्या.

शनिवारी दुपारी एक फोन आला. नंबर अनोळखी, आवाज तूबाचा, सगळा मिळून चाळीस सेकंदांचा. ती सरळ काही बोलली नाही. माशांबद्दल बोलली.

हे माशांचं प्रकरण समजावून सांगायला हवं, आणि सांगणारा मी जन्मात मासा न खाल्लेला. तरी सांगतो. मुश्ताक तिकडून कॅसेट पाठवायचा. तेव्हा फोन परवडत नसे आणि चिठ्ठ्या फोडल्या जात. मग गावी येणाऱ्या कुणाबरोबर तरी कॅसेट यायची. एका बाजूला त्याने बोलायचं, दुसऱ्या बाजूला घरच्यांनी बोलून तीच परत पाठवायची. पण कॅसेट एकट्याने कोण ऐकतं? मधल्या खोलीत टेप मांडला जायचा. सासू, दीर, नणंदा, शेजारीपाजारी, सगळा गोतावळा भोवती. तिकडे कॅम्पात दहा जणांच्या खोलीतही तेच. बायकोशी एक शब्द खासगी बोलायची सोय नव्हती. म्हणून या दोघांनी माशांची भाषा काढली. सुरमई म्हणजे मी ठीक आहे. बांगडा म्हणजे अंगात बरं नाही. बोंबील म्हणजे आसपास कान आहेत, उघड बोलता येत नाही. सासूला वाटायचं पोराचे खाण्याचे हाल चाललेत, ती बिचारी डोळ्यांना पदर लावायची. तूबा हे किस्से ऐकत लहानाची मोठी झाली.

त्या शनिवारी ती म्हणाली, "अम्मी, इथं बोंबील खूप आलेत. मी सुरमईच खाते. फिकीर करू नको. आणि सुकट..." पुढे लाइन खरखरली. भ ऐकू आला, ठेव ऐकू आलं, आणि फोन कट झाला.

भाभींनी ऐकलं ते असं: सुकट भाजून ठेव. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी घरी येतोय. मुश्ताक सुट्टीवर निघाला की हेच वाक्य यायचं. घरात पाऊल टाकलं की त्याला पहिलं भाजलेलं सुकट लागायचं. सुकट म्हणजे बारीक सुकी कोळंबी, हे माझ्यासारख्यांसाठी सांगितलं.

रविवारी मासेवाली भीमाबाई आली. ती उरणच्या बाजूने येते. पावसात होड्या बंद, त्यामुळे टोपलीत सगळं सुकंच. भाभींनी दोन किलो सुकट मागितलं.

भीमाबाई बघत राहिली. "एवरा सुकट कोन खानार? पावनं येनार हायत काय?"

"माझी तूबा येनार हाय," भाभी म्हणाल्या. माहेरच्या बाईशी त्या माहेरचं बोलतात.

भाजलेल्या सुकटाचा वास मोहल्ला ओलांडून माझ्या काउंटरपर्यंत आला. मी चडफडत दोन अगरबत्त्या लावल्या. मला काय माहीत तो वास कशाचा होता.

सोमवारी खारघरची कीर्ती घरी पोचली. ती तूबाच्याच कॉलेजातली, दोन वर्षं मागे. संचारबंदीत बसने आगरताळ्याच्या सीमेपर्यंत, तिथून विमानाने. भाभी रिक्षा करून तिच्या घरी गेल्या. चौदाव्या मजल्यावर कीर्ती पाय पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती आणि तिची आई तिच्या केसांना तेल लावत होती. भाभींनी विचारायच्या आधीच ती पोर रडायला लागली.

"आंटी, बस गेटवर उभी होती. तूबादीदी बॅग घेऊन माझ्याबरोबर खाली आली. मग म्हणाली, स्टेथो वॉर्डात राहिला, घेऊन येते. बस चाळीस मिनिटं थांबली. ती आलीच नाही."

भाभींनी विचारलं, "मग तू बघायला नाही गेलीस?"

"आंटी," कीर्ती म्हणाली, "स्टेथो तिच्या गळ्यातच होता."

मंगळवारी दुपारी भाभी माझ्या दुकानात आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. मुश्ताक गेल्यानंतर त्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. मी स्टूल पुसून दिलं. त्यांनी कीर्तीचं सगळं सांगितलं आणि फोन पुढे केला. त्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होतो, हे त्यांना तूबानेच करून दिलं होतं.

"कुमारभाई, तुम्ही आवाजातले माणूस. भाजूनच म्हणाली ना, तेवढं ऐकून सांगा."

मी हेडफोन लावले. खरखर खाली आणली, मधला आवाज वर काढला. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा शंका आली आणि तिसऱ्यांदा लख्ख ऐकू आलं. 'सुकट भरून ठेव.' त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. पण ते भाजून नाही एवढं कळलं, आणि माझ्यासमोर दोन किलो सुकट भाजलेली बाई बसली होती. मी हेडफोन काढले आणि सरळ खोटं बोललो.

"लाइन खराब आहे भाभी. नीट कळत नाही."

त्यांनी डबा उघडला. कॅसेटींवर मुश्ताकच्या अक्षरात आकडे होते. "मग ही सहावी लावा. भरून असं कधी म्हणाले होते का, ते मला बघायचंय."

मी 'भरून' हा शब्द तोंडातून काढलाच नव्हता. म्हणजे भाभींनी शनिवारीच बरोबर ऐकलं होतं. पण दोन किलो सुकट घ्यायला आणि भाजायला त्यांना भाजून हा शब्द हवा होता.

कॅसेट एकोणीसशे नव्याण्णवची. आतला फेल्टचा तुकडा गळून पडला होता, टेपवर बुरशी. मी स्क्रू काढले, फीत स्पिरिटच्या कापसाने पुसली, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. त्याला तास गेला. भाभी स्टुलावर बसून फोनमधल्या त्या एका टिकेकडे बघत होत्या.

मग मुश्ताक बोलायला लागला. पाच वर्षांपूर्वी खांदा दिलेला माणूस अचानक काउंटरवरून बोलतो तेव्हा काय होतं, ते मला लिहिता येत नाही. पहिली दहा मिनिटं नुसते सलाम, अम्मीला, भावांना, शेजारच्यांना, नावं घेऊन. मग तो म्हणाला, "सायरा, इथं बोंबील फार झालेत. आमच्या खोलीतल्या हनीफची सुरमई संपली. त्याला घरी पाठवत नाहीत. आम्ही सगळे अंगणात बसलोय. तू सुकट भरून ठेव. यंदा पावसाळा लांबणार."

भाभींनी हात वर केला. मी टेप थांबवला.

"हनीफ मंडणगडचा," त्या म्हणाल्या. "उन्हात काम करता करता पडला, मेला. कंपनी मय्यत गावी पाठवेना. सहाशे माणसं काम टाकून कॅम्पच्या अंगणात बसली. तिकडे काम टाकणं गुन्हा आहे. सरळ जेल. कॅसेट आणणाऱ्याने दारात उभं राहून मला कानात सांगितलं."

"आणि भरून ठेव म्हणजे?"

"पावसाळ्यात ताजं मिळत नाही. म्हणून जेठ महिना लागायच्या आत सुकट भरून ठेवायचं." त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "भरून ठेव म्हणजे माझी वाट बघू नको. मी थांबतोय."

मी दुसरी बाजू लावायला कॅसेट उलटी केली. तिच्यावर घरच्यांचं उत्तर असणार. भाभी म्हणाल्या, "नको. ती नको."

इथे मी माझ्या स्वभावावर गेलो. म्हणालो, "भाभी, पोरगी बरोबर करतेय. अशी माणसं थांबतात म्हणून सरकारं हलतात. थांबू द्या तिला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची मुलगी कुठे असते?"

"खांदा कॉलनीत. दर रविवारी येते."

"बरं आहे," भाभी म्हणाल्या आणि डबा तिथेच ठेवून गेल्या.

त्या दोन शब्दांनी मला जी चपराक बसली ती अजून गालावर आहे. खरं सांगायचं तर ते बोलणं तूबासाठी नव्हतंच. शहात्तर साली, आणीबाणीत, मी वीस वर्षांचा होतो, लाउडस्पीकरच्या दुकानात उमेदवारी करत होतो. शाळेतले एक मास्तर आले. तळ्याकाठी छोटी सभा घ्यायची होती, अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. मालक बाहेर गेलेले. मी म्हणालो, "मास्तर, व्हॉल्व्ह गेलाय." मास्तर बरं म्हणाले आणि गेले. माइकशिवाय बोलले. तिसऱ्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नाही, पण पोलिसांना ऐकू गेलं. आठ महिन्यांनी सुटून आले तेव्हा मला रस्त्यात भेटले आणि नेहमीसारखे हसले. व्हॉल्व्ह चांगला होता. अठ्ठेचाळीस वर्षं मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि आता दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर मी तो व्हॉल्व्ह दुरुस्त करायला निघालो होतो.

बुधवारी तिकडे थोडं इंटरनेट सुरू झालं. गुरुवारी दुसरी टिक आली आणि पाठोपाठ तूबाचा मेसेज. भाभींनी तो मला वाचायला दिला. 'अम्मी, रविवारी अजून एक बस आहे. उद्या पाचपर्यंत नाव द्यायचंय. वॉर्डात जमिनीवर पण पेशंट आहेत, बरेच जण माझ्याहून लहान आहेत. वर्दीतले लोक येऊन जखमींची यादी मागतात. आमच्याकडून यादी हरवते. कालपासून ते आमचीच नावं विचारायला लागलेत. मी परदेशी आहे, व्हिसा कधीही काढून घेतील, डिग्री जाईल. मला काही सुचत नाही. अब्बा असते तर त्यांना विचारलं असतं. तू ये म्हणालीस तर येईन, कसम. उद्या बाराला वॉर्डातल्या टेबलावरच्या फोनवरून लावते, तिथं कान असतात. वाचून झालं की हा मेसेज पुसून टाक.'

भाभींनी मला वाचायला देऊन मग तो पुसला. बोट दोनदा चुकलं.

सल्ले तर चारही बाजूंनी येत होते. दीर म्हणाले, बोलावून घे, लग्नाची मुलगी आहे. फॉल लावायला आलेली एक बाई म्हणाली, तिकडच्यांच्या भानगडीत आपल्या पोरींनी कशाला पडायचं. मोहल्ल्यातले एक हाजीसाहेब म्हणाले, जखमीची खिदमत सोडून येणं बरं नाही. त्यांचे तिन्ही मुलगे दुबईला आहेत. मी या वेळी तोंड बंद ठेवलं.

शुक्रवारी अकरा वाजता भाभी दुकानात आल्या. घरी बसवत नव्हतं म्हणाल्या. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "दुसरी बाजू लावा."

आधी सासूचा आवाज आला, खोकत, दुवा देत. मग नणंद, मग कुणाच्या तरी पोराने म्हटलेली कविता. आणि मग पंचवीस वर्षांपूर्वीच्या सायराभाभी, आवाज बारीक आणि धारदार. "सुकट मी भरणार नाही. मी सुकट भाजून ठेवलंय. वास घरभर झालाय. गार व्हायच्या आत या."

टेप नुसताच फिरत राहिला. भाभी खाली बघत होत्या.

"ही कॅसेट गेली आणि अकराव्या दिवशी ती घेऊनच आले," त्या म्हणाल्या. "आजारी आहे सांगून, कंपनीच्या हातापाया पडून. हनीफची मय्यत पंधराव्या दिवशी मंडणगडला पोचली. बसून राहिलेल्यांमुळे पोचली. त्यातल्या चौघांना आठ महिने जेल झाली. त्या चौघांत हे असते."

"तुम्ही वाचवलंत त्याला."

"मी ताटात सुकट वाढलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं. त्या दिवशी खाल्लं नाही, आणि पुढे मरेपर्यंत खाल्लं नाही. मी लोकांना सांगायचे, तिकडचं खाऊन जीभ बदलली. वर्षभर घरी राहिले. मग परत गेले, दुसऱ्या कंपनीत." त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "पुढच्या साली तूबा झाली. मी बोलावलं नसतं तर तूबा नसती, कुमारभाई. आणि बोलावलं म्हणून माझा माणूस वीस वर्षं कपात बघून बोलला."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मुश्ताक कपात का बघायचा. मी त्याची किती थट्टा केली होती.

बाराला फोन वाजला नाही. सव्वाबारा झाले. मशिदीकडे जुम्म्याची गर्दी चालली होती. साडेबाराला वाजला आणि भाभींनी तो उचलून आवाज मोठा केला, कदाचित एकटीने ऐकायची हिंमत होत नव्हती.

"अम्मी, सुकटाचं काय करू?"

मी मनात म्हणालो, बोलावून घ्या. हो, मीच. मंगळवारी छाती काढून थांबू द्या म्हणणारा मी, ते पोरीचं बारीक 'काय करू' ऐकलं आणि माझी सगळी क्रांती गळून पडली.

"किती आहे?" भाभींनी विचारलं.

"खूप आहे, अम्मी. रोज येतंय. जागा नाही."

"तू जेवतेस ना?"

"सुरमई."

"खरं सांग."

"बांगडा. पण थोडाच."

भाभींनी डोळे मिटले. "भरून ठेव," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, साडीचं माप सांगावं तसा. "पण नीट ऐक. डबा कोरडा घे. झाकण घट्ट लाव. बाहेर हवेवर ठेवू नको. गच्चीत, खिडकीत मुळीच नको. आणि रोज एकदा उघडून बघायचं आणि मला कळवायचं. एक दिवस चुकवायचा नाही."

"हो अम्मी."

"शपथ घे."

"कसम, अम्मी."

फोन बंद झाला. भाभी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन स्टुलावर बसल्या. "मी काय केलं?" त्या म्हणाल्या. "मी आई आहे की कोण आहे?" मग रडल्या, ओढणी तोंडात कोंबून, आवाज न करता. मी टेपरेकॉर्डरची वायर उगाच गुंडाळत बसलो.

रोज एक मेसेज यायचा. कधी नुसतं 'डबा बघितला.' त्यापुढच्या रविवारी, चार ऑगस्टला, तिकडे पुन्हा इंटरनेट गेलं आणि एका दिवसात नव्वदच्या वर माणसं मेल्याची बातमी आली. भाभी सोमवारी दुकानात आल्या ते दुकान बंद होईपर्यंत हलल्याच नाहीत. मी दुरुस्तीला आलेला एक मोठा टीव्ही लावला होता. दुपारी त्यावर लाखो माणसं रस्त्यावर दिसायला लागली, आणि मग बातमी, सरकार गेलं, पंतप्रधान देश सोडून पळाल्या. बाजारातले लोक दुकानासमोर जमले. कुणी तरी टाळ्या वाजवल्या. भाभी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या गर्दीत एकेक तोंड बघत होत्या.

बुधवारी फोन आला. "सुरमई, अम्मी," तूबा म्हणाली. आता चोरून बोलायची गरज नव्हती, तरी पहिला शब्द तोच. मग ती सरळ बोलली. रस्त्यावर पोलीस नाहीत, मुलंच वाहतूक सांभाळतात, लोक रडतात, हसतात, अनोळखी माणसाला मिठाई भरवतात. आणि चौक्या जळल्यात, घरं जळतायत, काही ठिकाणी हिंदूंच्या वस्तीत लोक पाळ्या करून पहारा देतायत. "आज वॉर्डात पोलीस आणले, अम्मी. त्यांना जमावाने मारलंय. एक तर कालपरवापर्यंत यादी मागायला यायचा तोच. मी टाके घातले." मग म्हणाली, "त्याचा हात मी धरला होता." भाभींनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "म्हणजे अजून संपलं नाही." नव्हतंच संपलं. पुढचे पाच महिने डबा रोज उघडून बघितला जात होता.

तूबा जानेवारीत आली, वर्ष पूर्ण करून, डॉक्टर होऊन. दहा किलो वाळलेली. शेजारी कुणी दार आपटलं की दचकते. मोहल्ला भाभींना हिंमतवाली म्हणायला लागला. एकदा मीही म्हणालो.

भाभींनी सुई कापडात टोचून ठेवली. "ती आली म्हणून. नसती आली तर तुम्हीच सगळे म्हणाला असतात, कसली आई ही." ते खरं होतं.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तूबाला भेटायला गेलो. ती जेवायला बसली होती. ताटात भाकरी आणि भाजलेलं सुकट. भाभींनी वाढलं आणि समोर उभ्या राहिल्या, हात ओढणीत गुंडाळून. तूबाने खाल्लं. पुन्हा मागून घेतलं, बोटं चाटली. तेव्हा कुठे भाभी खाली बसल्या.

"अब्बांना पण आवडायचं ना हे?" तूबाने विचारलं. "मी त्यांना कधी खाताना बघितलं नाही."

"आवडायचं," भाभी म्हणाल्या. "नव्याण्णव सालापर्यंत."

तूबाने घास हातात तसाच धरून आईकडे बघितलं. भाभी माझ्याकडे वळल्या.

"कुमारभाई, ती सहावी कॅसेट अजून लागते ना?"

"लागते."

"संध्याकाळी हिला घेऊन येते. दोन्ही बाजू लावा."